बागेतलं जुनं दगडी सूर्यघड्याळ दुरुस्त करायचंय, सल्ला द्या

धरमपेठकर: आमच्या बागेत पणजोबांच्या काळचं सूर्यघड्याळ आहे, वालुकाश्माचं, वर शेवाळ साचलंय, आकडे हाताला लागतात पण धड वाचता येत नाहीत अन् मधली सावली पाडणारी पट्टी कधीच गेली, नुसती खाच उरलीय. मिस्त्री म्हणून राहिला की ॲसिड मारू, व्हाइट सिमेंट भरू, दिवसभरात नवं करून देतो. मला ते पटत नाहीये. कोणी असं काम केलंय का? पट्टी कोणत्या कोनात बसवायची?

दगडप्रेमी: भाऊ, मिस्त्रीला आधी थांबवा! ॲसिडने दगडाचा वरचा थरच जातो आणि त्यासोबत आकडेही. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, बस, तारेचा ब्रश बिलकूल नको. शेवाळ ओलं करून हळूहळू काढा, घाई नको. भेगांत सिमेंट भरलं की पाणी आत अडकतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून चुनाच वापरा. पट्टी पितळेची करा, लोखंड गंजून फुगतं आणि दगड तडकवतं.

सावलीवाला: पट्टीची तिरकी कड म्हणजे अक्षांश, नागपूरला २१ अंश, आणि तोंड खऱ्या उत्तरेला. पण आधी कोनमापक घेऊन १२ आणि ३ च्या रेषांमधला कोन मोजा. साधारण २० अंश आला तर घड्याळ इथल्यासाठीच कोरलंय, ३८ च्या आसपास आला तर ते लंडनच्या अक्षांशाचं, मग पट्टी २१ ची लावून उपयोग नाही, ती ५१ अंशांचीच करून अख्खी तबकडी उत्तरेकडे ३० अंश कलवावी लागेल. उत्तरेसाठी मोबाईलच्या होकायंत्रावर जाऊ नका, जवळ लोखंडी गेट असलं की ते भरकटतं. २५ डिसेंबरला दुपारी १२:१४ ला ओळंब्याच्या दोरीची सावली बघा, ती बरोबर उत्तरेला पडते. १५ एप्रिललाही हीच वेळ जुळते, पण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावली आखूड, डिसेंबरच बरा.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की मनगटावरच्या घड्याळाशी ते जुळणार नाही. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७९ वर, म्हणून साधारण १४ मिनिटं मागे, त्यात ऋतूचा फरक, फेब्रुवारीत २८ मिनिटांपर्यंत मागे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उलट दोन-तीन मिनिटं पुढे. म्हणून कोणी तबकडी फिरवायला लागलं तर फिरवू देऊ नका.

धरमपेठकर: कोन मोजला, २० च आला! खूप आनंद झाला, म्हणजे इथल्याच कोणीतरी हिशेब करून कोरलंय. ॲसिड कॅन्सल. इतवारीत पितळेची पट्टी २१ अंशाला नीट कापून देणारं कोणी माहीत आहे का?