उत्तर: लीव्ह नंतर फ्रॉम का नको?

प्रश्न असा की इंग्रजीत 'ही लेफ्ट फ्रॉम पुणे' (तो पुण्याहून निघाला) चुकीचं का. अगदीच चूक नाहीये हो, पण लीव्ह म्हणजे मुळात सोडणं, त्यामुळे 'ही लेफ्ट पुणे' एवढंच पुरतं, आपण 'पुण्याहून निघाला' असं म्हणतो म्हणून तो फ्रॉम आपसूक येतो. आणि मधे फॉर घातला की दिशाच उलटते, 'लेफ्ट फॉर पुणे' म्हणजे पुण्याला यायला निघाला! फ्रॉम खरा शोभतो तो नेमकी कुठून सुटणार ते सांगताना, 'द ट्रेन लीव्ह्ज फ्रॉम प्लॅटफॉर्म फाइव्ह'. डिपार्टला (म्हणजेही निघणंच) मात्र फ्रॉम लागतोच, अमेरिकन विमानवाले तोही गाळतात. पार्ट फ्रॉम आणि पार्ट विथ यांच्यात तर फारच गल्लत होते, पहिलं माणसापासून दुरावणं, दुसरं हातातली वस्तू देऊन टाकणं, तेवढं नीट लक्षात ठेवा.