सुखान्त, गोड शेवट की सुफळ संपूर्ण?

अमळनेरहून प्रश्न

मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर असते. श्रावणात एक मुलगी आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची असेल. कपाटांमधून दोनदा फिरली आणि मग हळूच म्हणाली, "ताई, दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट आहे का? पण शेवटी कोणी मरत नाही अशी. कोणाला वेड लागत नाही, आणि कोणाचं जबरदस्तीने लग्न लावून देत नाहीत." अटी तिने आधीच मोजून ठेवल्या होत्या.

इंग्रजीत अशा कादंबऱ्या आता भरपूर निघतात, थोड्या आमच्याकडेही आल्या आहेत. कपाटाला पट्टी लावायची आहे. 'समलैंगिक साहित्य' लिहिलं तर गावात त्या कपाटापुढे कोणी उभं राहणार नाही. नुसतं 'प्रेमकथा' लिहिलं तर त्या मुलीला हवं ते सापडणार नाही. आनंदाने, उमेदीने संपणाऱ्या प्रेमकथेला मराठीत नेमका शब्द कोणता?

धुळ्याहून

तयार शब्द 'सुखान्त', पण तो जपून वापरावा. बहुव्रीही धरला तर 'सुख आहे अंती जिच्या ती'. षष्ठी तत्पुरुष धरला तर 'सुखाचा अंत', म्हणजे अगदी उलट. शाळेत मी हा समास फळ्यावर घातला की अर्धा वर्ग दुसरा विग्रह करायचा, आणि व्याकरणाने त्यांना चूक म्हणता येत नसे. शिवाय 'सुखान्तिका' हा शब्द नाटकाकडे झुकतो.

एक गंमत सांगतो. आपण ज्याला 'कादंबरी' म्हणतो तो शब्दच एका प्रेमकथेतल्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची ती कथा, अपुरी राहिली ती त्याच्या मुलाने पुरी केली. तिच्यात नायक मरतात, पण शेवटी दोन्ही जोड्या पुन्हा एकत्र येतात. म्हणजे मराठीत या वाङ्मयप्रकाराचं बारसंच गोड शेवटाच्या प्रेमकथेवरून झालं आहे. त्या मुलीने काही जगावेगळं मागितलेलं नाही, ताई.

शिरपूरहून

अशा गोष्टी शोधणाऱ्या वाचकांतला मी एक, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी पट्टीवरच्या पहिल्या शब्दाबद्दल. 'समलैंगिक' ऐकलं की कानावर आधी 'लैंगिक' पडतं, माणूस मागे राहतो. 'समलिंगी' त्यातल्या त्यात सौम्य. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या, पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टच्या नावातला 'समपथिक' मला फार आवडतो, त्यात वाट आहे आणि सोबत चालणं आहे. 'क्विअर' हा मुळात 'विचित्र' अशा अर्थाचा, शिवी म्हणून फेकलेला शब्द. ज्यांना तो फेकून मारला त्यांनीच उचलून अंगावर घेतला. आणि 'गे' चा इंग्रजीतला जुना अर्थ तर 'आनंदी' असाच आहे. मराठीत 'गे' ही ओवीतली हाक, 'बाई गे', 'माय गे'. एका भाषेत हा शब्द आनंदाचा होता आणि दुसरीत मायेचा, हे मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता शेवटाबद्दल. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९१३-१४ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली. शेवट सुखाचाच हवा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्याच म्हणण्यानुसार, शेवटी एखाद्या पोराने गळफास घेतला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, कारण गुन्हा आणि शिक्षा यांचा हिशेब जुळला असता. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा बदलला १९६७ मध्ये. पुस्तक निघालं १९७१ मध्ये, लेखक वारल्यानंतर. सुखाचा शेवट सत्तावन्न वर्षं कपाटात राहिला.

आपल्याकडे असे संबंध गुन्हा ठरवणारं १८६० चं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीवर ती बातमी लागली आणि वडिलांनी चॅनल बदललं. रागाने नव्हे, बोलायला शब्द नव्हते म्हणून. मी माळ्यावर जाऊन मोबाइलवर एक कादंबरी वाचत बसलो. तिच्यात दोघांचं मोठ्ठं भांडण होतं, कशावरून, तर दुधाची पिशवी आणायला कोण विसरलं. मला रडू आलं. आपल्यासारख्यांना इतकं साधं भांडण वाट्याला येऊ शकतं, हे मी त्याआधी कुठे वाचलंच नव्हतं.

प्रेमकथांच्या प्रकारात इंग्रजीत दोन सुखी शेवट मानतात. एक कायमचा सुखी, दुसरा 'सध्यापुरता सुखी'. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही, त्यामुळे इथली गोष्ट कदाचित दुसऱ्या प्रकारचीच होईल. मला तीही चालेल. आपल्या खानदेशात कानबाईच्या सणाचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात ना? एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर आई मुलाच्या जोडीदाराच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवते आणि काही बोलत नाही, एवढं मला वाचायचं आहे.

शहाद्याहून

अहिराणीत सांगू का? गोट, म्हणजे गोष्ट, ऐकताना पोरं एकच विचारतात, "मंग काय व्हयनं?" तुमच्या पट्टीवर तेच लिहा.

अमळनेरहून

भाऊ, तुमचं लिहिणं वाचून मला माझी आजी आठवली. श्रावणात ती कहाण्या सांगायची, आणि प्रत्येक कहाणी एकाच वाक्यावर थांबायची: "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." यातलं 'उत्तर' म्हणजे प्रश्नाचं उत्तर नव्हे, जुन्या मराठीतला 'बोल'. साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत सांगितली.

पण मला खुणावतं ते त्याच्या आधीचं वाक्य. देव जसा त्यांना प्रसन्न झाला, "तसा तुम्हां आम्हां होवो." कहाणीतल्या राणीचं भलं होऊन भागत नाही, ते ऐकणाऱ्याच्या पदरात पडावं लागतं. त्या मुलीने आजवर वाचलेल्या गोष्टींत 'तुम्हां आम्हां' मध्ये ती नव्हतीच. म्हणून मी म्हणते, 'सुफळ प्रेमकथा'.

भुसावळहून

शब्द गोड आहे, पण एक हरकत घेते. 'फळ' म्हटलं की आपल्या बायका मूलबाळच समजतात. ओटीत फळ घालतात ते उगीच नाही. मला मूल नाही. 'सुफळ' शब्दाने मला अनेकदा दाराबाहेर ठेवलं आहे. त्या दोन मुलींनाही तोच शब्द टोचेल.

धुळ्याहून

बाई, तुमची हरकत खरी आहे. कोशाच्या आधारे मी म्हणेन की कहाणीतलं फळ हे व्रताचं फळ. पण शब्द कोशात राहत नाही, लोकांच्या तोंडी राहतो, हेही तितकंच खरं. मग 'उमेद' घ्या. फारसीतून आला आणि मराठीत येऊन नुसती आशा राहिला नाही, हुरूप झाला. 'आशा' ला आपल्या संतांनी पाश म्हटलं. 'उमेद' ला असं कोणी काही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

अमळनेरहून

पट्टी लावली: 'उमेदीच्या प्रेमकथा'. खाली बारीक अक्षरात 'समपथिक, क्विअर'. भुसावळच्या ताईंचं म्हणणं मनात राहिलं, म्हणून 'सुफळ' काढला.

ती मुलगी काल पुस्तक परत करायला आली. पट्टी वाचली, बोटाने एकदा तिच्यावरून फिरवलं. मग विचारलं, "ताई, अशी गोष्ट आपल्याकडे घडली तर अखजीला दोघींतली माहेरी कोण जाईल? सासर कोणाचं?" अखजी म्हणजे आपली अक्षय तृतीया, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. मला शब्द सुचला नाही. सर, तुम्हाला सुचतोय का?

धुळ्याहून

दोघींना दोन-दोन माहेरं. झोका दोन्ही घरी बांधावा लागेल.