सरसकट बंदी टिकत नाही

क्रिकेटच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर (ऑनलाइन गप्पांच्या गटावर) राजकारण पूर्ण बंद करा, अशी सूचना एकाने केली आहे, पण ती अमलात आणता येणार नाही. १४ सप्टेंबर २०२५ला दुबईत भारत-पाक खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही, त्यावर बोलायचंच नाही का? नियम असा हवा: मैदानाशी थेट संबंध असेल तर चालेल, पक्ष आणि नेत्यांचा प्रचार नाही.

सामन्याच्या दिवशी वेगळा धागा उघडा आणि स्लोमोड (एकाच्या दोन संदेशांमधलं सक्तीचं अंतर) ३० सेकंद ठेवा. ऑटोमॉडमध्ये (ठरावीक शब्द आपोआप पकडणाऱ्या सोयीत) नुसतं 'भाजप' टाकलंत तर 'भाजपने', 'भाजपला' निसटतात. शब्दाच्या शेवटी तारांकन हवंच, म्हणजे 'भाजप*'. 'काँग्रेस' आणि 'कॉंग्रेस' दोन्ही घाला, रोमन स्पेलिंगंही. पण संदेश अडवू नका, फक्त मॉडच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या) चॅनेलवर सूचना येऊ द्या. नाहीतर साधी बातमीही अडकते आणि लोक 'सेन्सॉरशिप' म्हणून बोंबलतात.

शिक्षा चढत्या क्रमाने: ताकीद, २४ तास टाइमआउट (तेवढा वेळ संदेश टाकायला बंदी), मग आठवडा. टाइमआउटची कमाल मर्यादा २८ दिवस. कायमचा बॅन करताना जुने संदेश पुसायचा पर्याय येतो, तो निवडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. अपील आलं की पुरावा लागतो. ऑडिट लॉगही (सर्व्हरवरच्या कारवायांची नोंद) ४५ दिवसांचाच असतो. आणि ज्या मॉडशी वाद झाला, त्यानेच बॅन करू नये. निम्मी भांडणं तिथेच पेटतात.