भारतीय लष्करावरची मराठी संदर्भपुस्तिका स्वतःच छापायची आहे: काय घ्यावं, काय टाळावं, कुठे आणि कशी छापावी?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. भारतीय लष्करावर मराठीत एक संदर्भपुस्तिका तयार होत आली आहे. एनसीसीची मुलं, भरतीची तयारी करणारे, वृत्तपत्रांतले उपसंपादक आणि माजी सैनिकांची कुटुंबं यांना हाताशी ठेवता यावी, हा हेतू. हुद्दे, कमांड, रेजिमेंट व त्यांची केंद्रं, शौर्यपदकं, मुख्य शस्त्रास्त्रांचे तक्ते, १९६१ च्या गोवा कारवाईचं एक प्रकरण आणि शेवटी सूची. डेमी आकार (साधारण साडेपाच × साडेआठ इंच), ३२० पानं, त्यांतली १६ रंगीत, ५०० प्रती. मजकूर अर्धा युनिकोडमध्ये, अर्धा जुन्या श्री-लिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टप्रणालीत). एक सहलेखक निवृत्त सुभेदार आहेत. शिवाय सेवेत असलेले एक अधिकारी काही प्रकरणं तपासून द्यायला तयार आहेत.

विचारायचं ते असं: कायद्याच्या दृष्टीने काय छापू नये? नकाशे आणि पदकांची चित्रं कुठून घ्यावीत? पणजी-म्हापशात डिजिटल छपाई करावी की बेळगाव-कोल्हापूरला ऑफसेट? आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आणि पुढच्या विक्रीचं काय? पावसाळ्याआधी प्रती हातात हव्या आहेत.

संदर्भकक्ष
सेवेतल्या अधिकाऱ्यांचा मुद्दा आधी निकालात काढा. आर्मी रूल्स १९५४ च्या नियम २१ प्रमाणे लष्करी कायद्याखाली येणाऱ्या व्यक्तीला केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय सेवाविषयक मजकूर कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करता येत नाही. पुस्तक तुमचं असलं तरी अडचणीत ते येतील. त्यांच्याकडून माहिती घेऊ नका, ऋणनिर्देशातही नाव नको. निवृत्त सुभेदारांनाही ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट १९२३ आयुष्यभर लागू आहे. पदावर असताना हाती आलेली गोपनीय माहिती निवृत्तीनंतर मोकळी होत नाही. त्यांचा खरा उपयोग भाषा, रीतिरिवाज आणि हुद्द्यांचा वापर तपासायला होईल, तो पुरेपूर करून घ्या.

मजकुरासाठी एकच कसोटी ठेवा. प्रत्येक नोंदीमागे उघड, अधिकृत आधार हवा: राजपत्र, पीआयबीचं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं) निवेदन, संसदेतलं लेखी उत्तर, संरक्षण मंत्रालयाचा वार्षिक अहवाल. एका एक्सेल पत्रकात नोंद, आधार, तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव असे चार रकाने करा. आधाराचा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद गाळा, कितीही आवडती असली तरी.

कोणती पलटण आज कुठे तैनात आहे हे अजिबात छापू नका. ते समाजमाध्यमांवर दिसतं म्हणून छापण्याजोगं होत नाही, आणि छपाई होईस्तोवर ते बदललेलंही असतं. रेजिमेंटल केंद्रं मात्र स्थिर आणि जाहीर आहेत: मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंत्यांचा गट) खडकी, तोफखाना केंद्र नाशिक रोड. इथे एक चूक फार दिसते. स्थापनेचं ठिकाण आणि आजचं केंद्र एकाच रकान्यात येतात. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली बेळगावात, केंद्र आहे सागरला. प्रशिक्षण कमांड १९९१ मध्ये महूला सुरू झाली, १९९३ पासून शिमल्याला आहे. दोन रकाने वेगळे ठेवा.

हुद्द्यांच्या तक्त्यात घोडदळाची परंपरा सांगणाऱ्या रेजिमेंटना स्वतंत्र स्तंभ द्या. पायदळात सिपाही, हवालदार, सुभेदार, तर तिकडे सवार, दफादार, रिसालदार. १९६५ पूर्वीच्या कागदपत्रांत ‘जमादार’ दिसतो, तो आजचा नायब सुभेदार. जुनी प्रमाणपत्रं घरात असलेले वाचक हीच नोंद शोधत येतील. शौर्यपदकांतही तसंच आहे. अशोकचक्र १९५२ मध्ये तीन वर्गांत सुरू झालं. १९६७ मध्ये दुसऱ्या वर्गाचं कीर्तिचक्र आणि तिसऱ्याचं शौर्यचक्र झालं. जुन्या राजपत्रातला ‘अशोकचक्र, वर्ग ३’ सरसकट अशोकचक्रात मोजला की यादी कोलमडते.

गोव्याच्या प्रकरणात ‘ऑपरेशन विजय’ वर्षासकट लिहा. हेच नाव १९९९ च्या कारगिल कारवाईलाही होतं, त्यामुळे सूचीत दोन वेगळ्या नोंदी हव्यात. १९६१ ची कारवाई दक्षिण कमांडखाली, लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या अधिपत्याखाली झाली. गोव्यात मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड होती. दमण आणि दीवच्या कारवाया वेगळ्या तुकड्यांच्या होत्या, त्या गोव्याच्या परिच्छेदात मिसळू नका. दमणला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती, ही नोंद मराठी वाचकाला मुद्दाम हवी असेल.

नकाशाबाबत तडजोड नको. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशी संकेतस्थळांवरच्या मोफत नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा बहुधा वेगळ्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा बाह्यरेषा नकाशा उतरवून घ्या, त्यावर फक्त सात कमांडची मुख्यालयं मांडा आणि सीमारेषेला हात लावू नका. मुखपृष्ठावर अशोकस्तंभाची राजमुद्रा नको, २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधन आहे. रेजिमेंटची बोधचिन्हं मुखपृष्ठावर घातली की पुस्तक अधिकृत असल्याचा समज होतो, तेही टाळा. पदकं आणि फिती चित्रकाराकडून नव्याने काढून घ्या. फोटो वापरलाच तर त्याच्या स्रोताचं हक्कविषयक पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा.

फर्मा_शिलाई
वरचं सगळं आवरल्याशिवाय पानं लावायला घेऊ नका. सूची तयार झाल्यावरच पानसंख्या पक्की होते.

३२० पानं म्हणजे १६ पानी २० फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे संच). त्यांतला एक पूर्ण फर्मा रंगीत ठेवा आणि बाकी १९ एकरंगी. रंगीत पानं पुस्तकभर विखुरलीत तर प्लेटांचा खर्च उगाच चढतो. दुसरं म्हणजे लवकर जुनं होणारं सगळं, सरसेनापतींची यादी, नवी शस्त्रास्त्रं, अग्निवीर भरतीचे नियम, एकाच शेवटच्या फर्म्यात आणा. २०२० मध्ये संरक्षण दल प्रमुख हे पद आलं, २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. असे बदल पुढेही होतील, तेव्हा तो एक फर्मा आणि सूचीच नव्याने करावी लागेल. माहिती कोणत्या तारखेपर्यंतची, हे हक्कपानावर ठळक छापा.

कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा कागद, घ्या. ७० वर दाट तक्त्यांची शाई मागून दिसते. रंगीत फर्म्याला चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका. गोव्याच्या दमट हवेत त्याची पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईसकट पापुद्रा निघतो. १३० जीएसएमचा मॅट आर्ट चालेल. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत, ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या. तंतू आडवे गेले तर जुलैत पानं लाटेसारखी वळतात आणि पुस्तक उघडं राहत नाही.

संदर्भपुस्तक रोज उघडलं जातं, म्हणून परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे कण्याला नुसता गोंद लावून केलेली बांधणी, पुरणार नाही. फर्मे शिवून घ्या. शिलाई परवडत नसेल तर निदान पीयूआर (पॉलियुरेथेन) हा लवचिक गोंद मागा. साधा हॉटमेल्ट (गरम करून लावायचा गोंद) वारंवार पूर्ण उघडल्यावर कण्याच्या मध्यभागी तडकतो. कणा साधारण १६ मिमी येईल, पण मुखपृष्ठ पक्कं करण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून मोजा.

डिजिटल परवडेल की ऑफसेट, याच्या नेमका सीमेवरचा आकडा ५०० हा आहे. दोन्हीकडून दर मागवा, मात्र कागद, शिलाई, लॅमिनेशन आणि वाहतूक शब्दशः सारखी ठेवून. डिजिटलमध्ये १५० प्रती आधी काढून, चुका गोळा करून मग ऑफसेटला जाण्याची सोय मिळते. अशा पुस्तकासाठी मी तोच मार्ग सुचवीन. शिलाईची सोय असलेला छापखाना बेळगाव-कोल्हापूरकडे सहज मिळतो. गठ्ठे बेळगावहून चोर्ला घाटाने येणार असतील तर मे संपण्याआधी आणा आणि प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकमध्ये सीलबंद मागा. ५०० प्रतींचं वजन दोनशे किलोंवर जाईल. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचा.

श्री-लिपीचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ तुटतो. तुमच्या पुस्तकात ‘अधिकाऱ्यांना’ शेकड्याने असेल आणि त्याचं ‘अधिकार्यांना’ होऊन बसेल. रूपांतरानंतर ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक तपासा, कारण ‘कार्यालय’, ‘सूर्यास्त’ यांतला रफार बरोबरच आहे. सरसकट बदललंत तर तेही बिघडतील. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत आहेत का बघा, काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नको. पदकांच्या फितींसाठी पडद्यावरच्या रंगावर विसंबू नका, त्या एका पानाचं छापील प्रूफ मागा.

सत्तरीकर
दोघांचेही आभार. अधिकाऱ्यांना नम्रपणे नाही कळवतो. १५० डिजिटल, मग ऑफसेट हे पटलं. दोन शंका उरल्या. सूची एक्सेलने लावली तर ‘ळ’ मध्येच येतो. आणि शस्त्रास्त्रांच्या तक्त्यात कोणते रकाने ठेवावेत?

तक्तेवाला
संगणकाच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, पुढे क्ष आणि ज्ञ. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा मराठी निवडा, आणि तरी क्ष-ज्ञचे शब्द डोळ्यांनी बघा. आकड्याने सुरू होणाऱ्या नोंदींचा, म्हणजे ‘१७ इन्फंट्री डिव्हिजन’, ‘५० पॅरा ब्रिगेड’, वेगळा गट करा. नाहीतर १७ च्या आधी १६१ येईल.

शस्त्रांच्या तक्त्यात काडतूस पूर्ण मापाने लिहा. एके-२०३ रायफलचं ७.६२×३९ मिमी आणि सिग ७१६ रायफलचं ७.६२×५१ मिमी. नुसतं ‘७.६२’ लिहिलंत तर दोन्ही एकच वाटतील, प्रत्यक्षात एकाची गोळी दुसऱ्यात चालत नाही. इन्सासचं ५.५६×४५. तोफांत ‘१५५/४५’ मधला दुसरा आकडा मिलिमीटर नाही. नळीची लांबी व्यासाच्या किती पट, ते तो सांगतो. धनुषची नळी १५५×४५, म्हणजे सुमारे ७ मीटर, के-९ वज्रची ५२ पट, म्हणजे ८ मीटरच्या वर. रणगाड्यांत टी-९० ची १२५ मिमी गुळगुळीत नळी आणि अर्जुनची १२० मिमी आटे असलेली नळी, हा फरक रकान्यातच दाखवा. पल्ल्याचा आकडा दारूगोळ्याप्रमाणे बदलतो, म्हणून गोळ्याचा प्रकार लिहिल्याशिवाय पल्ला देऊ नका. किती नग सेवेत आहेत हा रकाना काढून टाका. खात्रीचा आकडा मिळत नाही, मिळाला तरी छापायचा नाही.

पाटो_वाचनालय
सत्तरीकर बाब, आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. लेखक-प्रकाशक म्हणून व्यक्तीलाही ऑनलाइन अर्ज करता येतो. कोणी पैसे घेऊन ‘मिळवून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, त्या क्रमांकावर प्रकाशक म्हणून दुसऱ्याच कोणाचं नाव नोंदलेलं असू शकतं. ई-पुस्तक काढणार असाल तर त्याला वेगळा क्रमांक लागतो. आणि तुमचे रुंद तक्ते मोबाइलवर फुटतील, त्यामुळे आधी छापीलच काढा. बारकोडचं पूर्ण माप ३७.२९×२५.९३ मिमी. ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका, पांढऱ्या चौकटीत काळाच ठेवा.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या आहेत: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पोचपावत्या जपून ठेवा. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही दोन प्रती द्या, गोव्यातला वाचक तिथेच शोधेल.

किंमत ठरवताना छपाई, चित्रकार, मुद्रितशोधन आणि भेटप्रती सगळे धरून एका प्रतीचा खर्च काढा. दुकानदार-वितरकांची सूट छापील किमतीवर जाते, ती ४० टक्के धरा. खर्चाच्या तिपटीखाली किंमत ठेवलीत तर दुसऱ्या आवृत्तीला पैसे उरत नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण छापखान्याच्या बिलावर लागतो आणि तो तुम्हाला परत मिळत नाही, तेव्हा दर मागताना करासकट मागा. एक प्रत सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल, टपालाचा हिशेब वेष्टणासकट करा.

पहिल्या १५० पैकी ३० प्रती शुद्धिप्रती म्हणून बाजूला काढा. माजी सैनिक, एनसीसी शिक्षक आणि दोन चांगले मुद्रितशोधक यांना लाल पेनासह द्या, महिन्याची मुदत घाला. आलेली दुरुस्ती पहिल्या उत्तरातल्या एक्सेल पत्रकातच त्या-त्या नोंदीसमोर चढवा आणि आधार सापडला तरच मजकूर बदला. अर्थ बदलणाऱ्या चुका निघाल्या तर उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवा. सुटी चिठ्ठी घालू नका, ती पहिल्याच वाचकाकडे गळून पडते.