३८१६५४७२९० हा नंबर वही-पेनाने कसा काढायचा?

घाटकोपरची_आई
लेक पाचवीत आहे, स्कॉलरशिपच्या क्लासमध्ये सरांनी घातलंय की ० ते ९ सगळे अंक एकेकदाच घेऊन असा दहा अंकी नंबर बनवा की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने भाग जाईल, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने, असं करत करत अख्ख्याला १० ने. उत्तर नवऱ्याने नेटवरून काढलं, ते वर दिलंय. लोकलमध्ये मोबाईलवर तपासलं, ३८, ३८१, ३८१६, सगळं बरोबर जातंय. पण पोरीला समजवायचं कसं? आणि असा एकच नंबर आहे का?

कोडर_कांदिवली
पायथनमध्ये लूप मारा ना, सगळ्या मिळून ३६,२८,८०० रचना होतात, काही सेकंदात उत्तर. एकच आहे.

परळचे_मास्तर
अहो पाचवीतल्या पोरीला लूप कसला सांगताय!
ताई, दहावा ० आणि पाचवा ५ हे तर फुकटच मिळाले. २, ४, ६, ८ या जागी सम अंक हवेत, म्हणजे उरलेल्या जागी १, ३, ७, ९. आता तिसरा अंक विषम असल्यामुळे ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो, आणि सहावा सम आहे म्हणून ८ च्या कसोटीत फक्त सातवा-आठवा बघायचे, तिथे १६, ३२, ७२, ९६ एवढंच बसतं, म्हणजे आठवाही २ किंवा ६. मग ४ आणि ८ गेले दुसऱ्या आणि सहाव्या जागी. चौथा-पाचवा-सहावा यांच्या बेरजेला ३ ने भाग जायला हवा, म्हणून मधे २५८ किंवा ६५४, तिसरं काही नाहीच. पहिल्या तिनांची बेरीजही ३ च्या पाढ्यात बसवली की ३६ लाखांतले फक्त १० नंबर उरतात. ९ ची काळजीच नको, १ ते ९ ची बेरीज ४५. राहता राहिला ७, तिथे सरळ भागाकार करा, नऊ गळतात आणि ३८१६५४७ ला बरोबर ५४५२२१ येतात.

घाटकोपरची_आई
भारीच सर! २५८ वाले दोनच निघाले, १४७२५८९६३० आणि ७४१२५८९६३०, दोन्ही ७ ला अडकले.

कोडर_कांदिवली
मास्तर मानलं. अंक परत वापरायची सूट दिली तर ही गंमत २५ अंकांपर्यंत जाते, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, एवढा लांब हा एकटाच. पुढे कुठलाही अंक लावा, २६ ने भाग जात नाही.

सायन_सुमित
पण २५ लाच का थांबतं?

परळचे_मास्तर
पुढे लावायला अंक १० च, आणि २६ ने भागताना बाकी २६ प्रकारची येऊ शकते, मग दर वेळी जमेलच असं नाही ना. भाजक १० च्या वर गेला की नंबर गळायला लागतात, २५ व्या जागेला एकच शिल्लक, त्यालाही २६ चा अंक मिळाला नाही. नेमकं २५ लाच का, याला सुटसुटीत कारण नाही, एकेक करून तपासावंच लागतं, तिथे तुमचा लूप चालवा.