सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर टकटक करतोय (विश्रामबाग, सांगली)

सचिव: नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लावतोय, मध्येच अडकतो आणि आतून टकटक आवाज येतोय. दुकानदार म्हणतो फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकतो. उद्या देऊ का?

खजिनदार: अजिबात नको!! हिशेबाची टॅली त्यात आहे, सभासद रजिस्टर त्यात आहे. तसा बॅकअप आहे म्हणा, मी सगळं डी ड्राइव्हला पण टाकून ठेवतो.

सी-३०१: काका, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. सचिव सर, आधी तो बंद करा, आत्ताच. टकटक म्हणजे डिस्कचं हेड तीच जागा परत परत वाचायला धडपडतंय. चेकडिस्क, डीफ्रॅग असली डिस्क तपासायची, आवरायची कामं काही करू नका, उरलंसुरलं पण जाईल.

बी-१०३: डिस्क गेली तर मागची थकबाकी पण गेली का 😄

खजिनदार: तुमची मला तोंडपाठ आहे.

बी-४०२: बी विंगला पाणी नाही. मोटर कोण लावतंय?

सचिव: वॉचमनला सांगितलंय ताई. (कॉम्प्युटर बंद केला.)

ए-३०३: एवढं काय त्यात, पेन ड्राइव्हला फाइली घ्या आणि द्या की टाकायला नवीन विंडोज.

सी-३०१: फाइली येतील हो, टॅली आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी कुठनं आणणार? सीडी कुणाकडं आहे? जुन्या नोटिसा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, नाहीत. श्रीलिपीचे ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडून बघा, नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची. विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग सगळं जसंच्या तसं येतं.

खजिनदार: खर्च?

सी-३०१: नवीन एसएसडी (जुन्या डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क) आणि इमेज ठेवायला एक बाहेरची हार्ड डिस्क, एवढाच. इमेज घेणारी क्लोनझिला फुकट आहे, ती पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच मशीन सुरू करायचं. जुन्या डिस्कवरचं विंडोज सुरूच करायचं नाही, म्हणजे तिच्यावर नवीन काही लिहिलं जात नाही.

ए-३०३: माझ्याकडं ४८० जीबीची एसएसडी पडून आहे, नवीकोरी. वापरा.

सी-३०१: मनापासून आभार, पण आपली जुनी ५०० ची आहे. क्लोनझिलाला नवीन डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, आत डेटा कितीही कमी असला तरी. आधी पार्टिशन (सी, डी हे भाग) लहान करून बसवता येतं, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते उद्योग नकोत. ५१२ ची घेऊ.

ए-१०४ (वहिनी): आमचा मुलगा वालचंद कॉलेजला आहे, रविवारी मोकळा असतो. मदतीला पाठवते.

सी-३०१: पाठवा वहिनी. मी करणार ते असं. सुरुवातीला लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून फक्त टॅलीचा डेटा फोल्डर आणि रजिस्टर उचलायचं, डिस्क मध्येच मेली तरी एवढं हातात राहील. मग इमेज. जुनं मशीन, यूएसबी २.०, म्हणजे सेकंदाला ३० एमबीच्या आसपास. १२० जीबी भरलं असेल तर तासभर. खराब सेक्टर (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा) लागले तर क्लोनझिला थांबते, तेव्हा तिच्या एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन त्या जागा सोडून पुढं जाणारा रेस्क्यूचा पर्याय लावायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. यूपीएस लागणारच. डिस्क दिसलीच नाही तर मात्र हात लावायचा नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

खजिनदार: इमेज घेतली म्हणजे झालं ना?

सी-३०१: अर्धं झालं. ती परत उतरते का, ते बघितल्याशिवाय तिला बॅकअप म्हणत नाही मी. इमेज नवीन एसएसडीवर उतरवायची, त्या वेळी जुनी डिस्क केबल काढून बाजूला. रिस्टोअर, म्हणजे हे उतरवणं, समोरची डिस्क पूर्ण पुसते, एसडीए-एसडीबी या क्लोनझिलात दिसणाऱ्या डिस्कच्या नावांच्या गोंधळात जुनीच पुसली तर संपलं. मग टॅली उघडायची, एक वाउचर बघायचं, एक नोटीस छापायची. टॅलीचं लायसन्स कदाचित परत चालू करायला लागेल.

ए-१०४ (वहिनी): मुलगा विचारतोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदलायचं का.

सी-३०१: नाही! साटा मोड (मशीन डिस्कशी बोलतं ती पद्धत) आहे तोच ठेवायचा. आयडीई या जुन्या मोडवर टाकलेलं विंडोज ७ एएचसीआय या नव्या मोडवर नेलं की निळा स्क्रीन येतो, सुरूच होत नाही. आधी मोबाइलवर त्या सेटिंगचे फोटो काढून ठेव म्हणावं, कारण मशीनची तारीख रोज मागं जात असेल तर आतला सीआर २०३२ नावाचा बटनासारखा सेल पण संपलाय. सेल बदलला की सेटिंग मूळ पदावर जातात.

सचिव: मग त्यावरनं लाइट बिल भरायला हरकत नाही ना?

सी-३०१: आहे सर. विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. नेटची वायर काढून फक्त टॅली आणि नोटिसा. दुकानदार विंडोज १० टाकतो म्हणाला असेल तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

बी-१०३: थट्टा बाजूला. ती बाहेरची डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागात मेहुण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती. दोन्ही चिखलात.

खजिनदार: मग माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. ५१२ ची एसएसडी मंजूर, बिल माझ्या नावावर नको, सोसायटीच्या नावावर घ्या.

बी-४०२: पाणी अजून आलेलं नाही.

सचिव: वॉचमन फोन उचलत नाहीये, मीच जातो. रविवारी सकाळी दहाला ऑफिस उघडतो. दुकानदाराला नको म्हणून कळवलंय.