डिजिटल ढोलकीचं झाकण: उघडं ठेवायचं की स्क्रू मारून बंद?

बर्डीचा जुगाड
ढोलकीसारखं हातानं वाजणारं, पण आवाज आतल्या बोर्डावर तयार होणारं वाद्य बनवताना आपल्याकडे सगळे पहिल्यापासून ते पॅक करायच्या मागे लागतात. माझं मत उलटं आहे. आतलं सर्किट वाजवणाऱ्याच्या हाती द्या.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात व्हिक्टर झॅपी आणि अँड्र्यू मॅकफर्सन यांनी 2014 च्या सुमारास डी-बॉक्स नावाची लाकडी पेटी बनवली होती. आत बीगलबोन ब्लॅक (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) आणि आवाजाच्या वाटेतच एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायची भोकांची पाटी. तार उपटून दुसरीकडे खोचली की पेटी वेगळंच बोलू लागते, कोडची एक ओळ न बदलता. बेला हा झटपट आवाजासाठीचा बोर्ड त्याच प्रयोगशाळेतून आला.

साधं उदाहरण घ्या. 27 मिमीच्या पितळी पिझोची (थापेचा धक्का विजेत बदलणारी चकती) धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, साधारण 20 नॅनोफॅरॅड. त्याला समांतर 1 मेगओहमचा रेझिस्टर लावला तर सुमारे 8 हर्ट्झपासून वरचं सगळं येतं. 100 के (किलोओहम) लावला तर 80 हर्ट्झच्या खालचं पातळ होतं. 10 के लावला तर 800 हर्ट्झच्या खाली सगळं ओसरतं, धुम गायब, नुसती चाटी उरते. एका रेझिस्टरनं वाद्याचा स्वभाव बदलतो. हे वाजवणाऱ्यापासून लपवायचं काहून?

इतवारी सोल्डर
भाऊ, तुम्ही दिलेलं उदाहरणच तुमच्या विरोधात जातं. कार्यक्रमात तो 1 मेग ब्रेडबोर्डातून अर्धा निसटला की थापेगणिक आवाज बदलेल आणि दोष कुठे आहे हे शोधायला वेळ मिळणार नाही. ब्रेडबोर्डाच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या टेबलावरच्या प्रयोगासाठी असतात. ज्या पेटीवर माणूस तास-तास थापा मारणार, तिच्यात त्या ढिल्या होणारच.

दुसरं म्हणजे आपल्या गावचा उन्हाळा. मे महिन्यात कूलर बंद करून कोणी वाजवणार आहे का? 1 मेगच्या इनपुटला जोडलेली वीतभर उघडी तार कूलरच्या मोटरची 50 हर्ट्झची गुणगुण आरामात उचलते. शील्डेड वायर, पिझोच्या मागे तांब्याची टेप आणि सगळं ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) एकाच बिंदूवर, हे केल्याशिवाय ती जात नाही. आणि हे तिन्ही सोल्डर करूनच होतं, खोचून नाही.

धंतोली डीएसपी
झाकणावरून भांडण्याआधी उशीर (लेटन्सी) मोजा. वेसल आणि राइट या संगीत-तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी 2002 मध्ये सांगितलेली मर्यादा आजही कामाची आहे: हात पडल्यापासून आवाजापर्यंत जास्तीत जास्त 10 मिलिसेकंद, आणि त्यातली चढउतार 1 मिलिसेकंदाच्या आत. लोक पहिला आकडा पाठ करतात, दुसरा विसरतात. कायम 8 असेल तर हात सवय करून घेतो. कधी 4, कधी 11 झालं की तिरकिट लंगडतं.

हिशोब असा: सेकंदाला 48,000 सँपल (आवाजाची मोजमापं) या दरानं 64 सँपलचा बफर (एका वेळी हाताळायचा तुकडा) म्हणजे 1.33 मिलिसेकंद, आत-बाहेर मिळून 2.67, वर कन्व्हर्टरचा थोडा. टीन्सी या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ऑडिओ लायब्ररीत ब्लॉक 128 चा, म्हणजे 44,100 ला एका दिशेनं 2.9. बेला 2 सँपलपर्यंत खाली जातो, कारण झेनोमाय हे रिअल-टाइम सॉफ्टवेअर त्याच्या ऑडिओ थ्रेडला (आवाज बनवणाऱ्या कामाला) लिनक्सच्याही वर बसवतं. पण त्या थ्रेडमध्ये कोणी प्रिंट केलं, फाइल उघडली किंवा मेमरी मागितली की तो वरचा पाट गेलाच, आवाज तुटतो. तेव्हा तारा खुशाल उघड्या ठेवा, रेंडर फंक्शन (आवाज बनवणारा कोड) मात्र नाही.

मोजायची रीत: साउंडकार्डाच्या डाव्या चॅनलला पिझो (व्होल्टेज विभागून!), उजव्याला वाद्याचं आउटपुट. 100 थापा रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनलवर थाप जिथं सुरू होते त्यांमधलं अंतर सँपलमध्ये मोजा. 44,100 ला 441 सँपल म्हणजे 10 मिलिसेकंद. सरासरी काढून थांबू नका, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडाही लिहा. आणि आउटपुटला ब्लूटूथ स्पीकर लावून "लेटन्सी येऊन राहिली" म्हणू नका, तो एकटाच 100 च्या वर खातो.

बर्डीचा जुगाड
@धंतोली, हे मान्य. पण बंद इलेक्ट्रॉनिक पॅडचा खरा दोष बफरमध्ये नाहीच. तो थाप ओळखतो, जोराच्या 127 पायऱ्यांतली एक निवडतो आणि साठवलेला आवाज सोडतो. शिखर शोधायला 2 मिलिसेकंद थांबतो, मग दुबार ठोका टाळायला काही वेळ कान बंद करतो. सेकंदाला 16 बोल म्हणजे दर 62 मिलिसेकंदाला एक. कान 80 बंद ठेवले तर निम्मे बोल गिळले जातात. आणि घिस्सा, म्हणजे पुडीवर हात घासून काढलेला बोल? त्यात ठोका नसतोच. पिझोचा सिग्नलच सरळ रेझोनेटरच्या (घुमणाऱ्या पुडीची नक्कल करणाऱ्या) गणितात सोडला तर हे झंझटच उरत नाही. नखानं खरवडलं तरी वाजतं.

इतवारी सोल्डर
त्याला मी कधी नाही म्हटलं? माझा विरोध उघड्या पिनांना आहे. जोराच्या थापेला पिझो 10-20 व्होल्ट सहज फेकतो आणि बीगलबोनचे डिजिटल पिन 3.3 व्होल्टचे. पोरगं उत्साहात 5 व्होल्टची तार तिथं खोचेल आणि बोर्ड जाईल. प्रत्येक उघड्या पिनामागे 4.7 के आणि 3.3 व ग्राउंडकडे एकेक बॅट85 डायोड (जादा व्होल्टेज बाजूला वळवणारा), हे पक्कं सोल्डर हवं.

कोराडी रोड
तुम्ही सगळ्यांनी विजेचा मुद्दा सोडूनच दिला. स्वस्त दोन-पिनी चार्जरवर टच सेन्सर भुतासारखे आपोआप वाजतात, कारण त्याचं ग्राउंड तरंगत असतं. पॉवरबँक लावा. पण टीन्सी 4 जेमतेम 100 मिलिअँपिअर घेते, एवढ्या कमीत काही पॉवरबँक स्वतःहून बंद पडतात. आधी तासभर लावून बघा. लिनक्सवाल्यांनी मेमरी कार्ड रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असं) ठेवावं, नाहीतर लाइट गेली की फाइलसिस्टिमही जाते.

बर्डीचा जुगाड
ठीक. संरक्षण, बायस (सिग्नलचा स्थिर मधला व्होल्टेज), ग्राउंड सोल्डरखाली. ब्रेडबोर्डऐवजी स्क्रू टर्मिनलच्या सहा जागा बाहेर: पिझोचा समांतर रेझिस्टर, घिश्श्याच्या दाबाचा सेन्सर, फीडबॅकची (आउटपुट परत इनपुटला द्यायची) एक वाट, तीन मोकळ्या. झाकणाला स्क्रू मात्र लावणार नाही.

इतवारी सोल्डर
फीडबॅकच्या वाटेवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा) टाका, नाहीतर पहिलाच प्रयोग स्पीकर फाडेल. आणि स्क्रू दोन तरी लावा बाप्पा, झाकणच खडखडलं तर पिझो तेही ऐकतो.